बादलीतला रॉड आणि बॅटरीवरचा बल्ब: व्होल्ट-अँपिअरवरून रोध आणि वॅट कसे काढायचे

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सासूबाईंनी बाथरूमच्या दारातून हाक मारली, "अगं, कसला वास येतोय बघ." वास प्लॅस्टिक जळाल्याचा होता. बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला होता. त्याची जाड पिन एक्स्टेन्शन बोर्डात जात नाही म्हणून मध्ये कन्व्हर्जन प्लग होता, आणि तो बोर्ड एका बाजूने तपकिरी पडून मऊ झाला होता. मेन स्विच बंद केला, बोर्ड गार झाल्यावर उघडला. एकाच छिद्रामागची पितळी पट्टी काळी पडलेली. शेजारच्या पट्ट्या चकचकीत, आणि वायरही धड.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलाने शेजारी बसून विचारलं, "आई, सगळीकडून करंट तेवढाच गेला ना? मग तेवढीच पट्टी कशी जळली?" प्रश्न अगदी बरोबर होता. कागद-पेन घेऊन आम्ही दोघांनी त्याचं उत्तर काढलं, आणि त्यासाठी चार राशींपलीकडे काही लागलं नाही. तीच आकडेमोड इथे पायरीपायरीने मांडते. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

आधी चार राशी ओळखून घ्या

दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजायचा व्होल्टमध्ये. प्रवाह, म्हणजे करंट, मोजायचा अँपिअरमध्ये. रोध, म्हणजे रेझिस्टन्स, मोजायचा ओहममध्ये. आणि शक्ती, म्हणजे पॉवर, मोजायची वॅटमध्ये. दहावीच्या पुस्तकात दाबाला विभवांतर आणि प्रवाहाला विद्युतधारा म्हटलंय. राशी त्याच आहेत, त्यामुळे गोंधळू नका.

पाठ करायची सूत्रं दोनच:

रोध = दाब ÷ प्रवाह
शक्ती = दाब × प्रवाह

पहिलं जर्मनीतल्या गेऑर्ग ओहमने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडलं. दुसरं तर एककांच्या अर्थातूनच निघतं. एक व्होल्ट म्हणजे प्रत्येक कूलोम प्रभारामागे एक ज्यूल ऊर्जा, आणि एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम. दोन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला किती ज्यूल हे मिळतं, आणि सेकंदाला एक ज्यूल म्हणजेच एक वॅट.

या दोन सूत्रांची सांगड घातली की आणखी दोन तयार होतात:

शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध
शक्ती = दाब × दाब ÷ रोध

विद्यार्थी ही चारही सूत्रं वेगवेगळी घोकतात आणि परीक्षेत कुठलं वापरायचं यावर अडतात. घोकायची गरजच नाही. हातात कोणते दोन आकडे आहेत ते बघा. ज्या सूत्रात ते दोन बसतात ते घ्या.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. मिलिअँपिअरचे अँपिअर आणि किलोओहमचे ओहम करूनच सूत्रात घाला. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. हे राहिलं की उत्तर हजारपटीने चुकतं.

सुरुवात १२ व्होल्टवर करा

घरातल्या २३० व्होल्टवर पहिलं मोजमाप करू नका. हे मी कळकळीने सांगते आहे. १२ व्होल्टची मोटरसायकलची बॅटरी, तिला लागणारा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब, बल्बचा होल्डर, ५ अँपिअरचा फ्यूज, थोडी वायर आणि एक साधा डिजिटल मल्टीमीटर, एवढं सामान पुरतं. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाजवळच लावा. १२ व्होल्टचा शॉक जाणवणार नाही, पण बॅटरीची दोन टोकं चुकून एकमेकांना जोडली गेली तर इतका प्रवाह वाहतो की वायर लालबुंद होते. हातातली अंगठी आणि धातूचं कडंही काढून ठेवा.

पायरी पहिली: सर्किट जोडा. बॅटरीचं प्लस, मग फ्यूज, मग बल्ब, मग बॅटरीचं मायनस. बल्ब लागला पाहिजे.

पायरी दुसरी: दाब मोजा. मल्टीमीटरच्या गोल बटणाचा काटा डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा, काळी तार 'कॉम'च्या भोकात, लाल तार व्होल्टच्या भोकात. बल्ब चालू असतानाच त्याच्या दोन टोकांना दोन तारा टेकवा. बॅटरीच्या टोकांवर मोजलंत तर वायरीत आणि फ्यूजमध्ये गळलेला थोडा दाबही त्यात येतो, म्हणून बल्बपाशीच मोजा. आमच्याकडे आकडा आला १२.४ व्होल्ट.

पायरी तिसरी: प्रवाह मोजा. नवीन माणसाचा मीटर बहुतेक इथेच जळतो. दाब मोजताना मीटर बल्बला समांतर लावला होता, प्रवाह मोजताना तो रस्त्यात उभा करायचा असतो. सर्किट एका जागी तोडा, लाल तार '१० अँपिअर'च्या भोकात हलवा, काटा डीसी अँपिअरवर आणा आणि तोडलेल्या दोन टोकांच्या मध्ये मीटर जोडा. सगळा प्रवाह आता मीटरमधून जातो. आमचा आकडा १.७८ अँपिअर.

मोजून झाल्याबरोबर लाल तार परत व्होल्टच्या भोकात लावा, मगच मीटर खाली ठेवा. अँपिअरच्या भोकात मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. तार तिथेच राहिली आणि पुढच्या वेळी कुणी त्याच मीटरने घरच्या सॉकेटचा दाब मोजायला गेलं, तर तो सरळ शॉर्ट सर्किट असतो. स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या भोकाला आत फ्यूजही नसतो. वर्गात मी हे करून दाखवते तेव्हा तार परत हलवल्याशिवाय कुणालाही पुढचा आकडा लिहू देत नाही.

पायरी चौथी: आकडे सूत्रात घाला.

रोध = १२.४ ÷ १.७८ = ६.९७ ओहम
शक्ती = १२.४ × १.७८ = २२ वॅट

बल्बवर १२ व्होल्टला २१ वॅट लिहिलंय आणि आपल्याकडे दाब किंचित जास्त आहे. २२ वॅट म्हणजे उत्तर जागेवर आलं.

दाब आणि प्रवाहाचे आकडे शक्य तितक्या लागोपाठ घ्या. बॅटरी उतरत असली तर पाच मिनिटांत दाब बदलतो, आणि आधीचा दाब नंतरच्या प्रवाहाला लावला की रोध भलताच निघतो. ओहमलाही हाच त्रास झाला होता. त्या काळच्या व्होल्टा पद्धतीच्या बॅटऱ्यांचा दाब मोजता मोजता घसरायचा. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने बॅटरी सोडली आणि तांबं व बिस्मथ या धातूंचे सांधे वापरले (दोन सांध्यांची तापमानं वेगळी असली की दाब तयार होतो), एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. उकळतं पाणी आणि बर्फ यांची तापमानं हलत नाहीत, त्यामुळे दाबही हलेना, आणि मग नियम स्वच्छ दिसला.

बल्ब काढून रोध मोजा, आणि चकित व्हा

आता बल्ब सर्किटमधून पूर्ण काढा. मीटर ओहमच्या सगळ्यात लहान रेंजवर आणा. आधी मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवा, ०.३ च्या आसपास काहीतरी दिसेल. तो तारांचा स्वतःचा रोध, तो वजा करायचा. मग बल्ब मोजा. आम्हाला ०.८ दिसले, म्हणजे खरे ०.५ ओहम.

हिशेबाने ६.९७ ओहम आणि मीटरने अर्धा ओहम! मुलाला वाटलं मीटर बिघडला. मीटर ठीक होता. टंगस्टनची तार पेटलेली असताना दोन हजार अंशांच्या वर तापते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. मीटरने मोजली ती गार तार, हिशेबात आली ती पेटलेली. दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त अवस्था वेगळी आहे. १२.४ भागिले अर्धा ओहम करून बघा: बटण दाबल्याच्या क्षणी सुमारे २५ अँपिअर खेचले जातात, आणि तार तापताच ते पावणेदोनवर येतात. जुना बल्ब बटण दाबतानाच 'फट्' करून का जातो ते इथे कळतं.

म्हणून रोधाचा कुठलाही आकडा लिहिताना शेजारी एक शब्द लिहीत जा, 'गार' किंवा 'चालू'.

आता रॉड

घरच्या विजेवर मोजताना उघड्या तारेला मीटरची टोकं लावणं हे शिकाऊ माणसाचं काम नाही. त्यापेक्षा प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर घ्या. तो सॉकेटमध्ये खोचायचा आणि त्याच्यात उपकरणाची पिन घालायची. व्होल्ट, अँपिअर, वॅट तिन्ही पडद्यावर दिसतात. रॉड किंवा गीझरसाठी १६ अँपिअरचाच घ्या.

दुसरा मार्ग क्लॅम्प मीटरचा. वायरमन मंडळी त्याला टाँग टेस्टर म्हणतात. त्याचा जबडा वायरीभोवती बसवला की वायर न तोडता प्रवाह कळतो. इथे नवखे हमखास फसतात: रॉडची अख्खी केबल जबड्यात धरतात आणि पडद्यावर शून्य येतं. केबलमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही असतात. एकीतून प्रवाह जातो, दुसरीतून परततो, आणि दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. जबड्यात एकच तार हवी. मी आमच्या वायरमनकाकांकडून हातभर लांबीची एक एक्स्टेन्शन करून घेतली आहे. तिचं बाहेरचं आवरण मधोमध काढून आतल्या तीन तारा, त्यांचं रंगीत इन्सुलेशन न दुखावता, सुट्ट्या ठेवल्यात. टाँग टेस्टर लाल तारेभोवती लावायचा.

रॉड पाण्यात पूर्ण बुडवून, मगच बटण चालू करून घेतलेले आकडे असे: दाब २२८ व्होल्ट, प्रवाह ६.४ अँपिअर.

रोध = २२८ ÷ ६.४ = ३५.६ ओहम
शक्ती = २२८ × ६.४ = १४५९ वॅट

रॉडवर लिहिलंय १५०० वॅट, २३० व्होल्ट. छापील आकड्यांवरून रोध काढायचा तर दाबाचा वर्ग भागिले शक्ती: २३० × २३० ÷ १५०० = ३५.३ ओहम. मोजलेल्याशी जुळतो. मग पिन सॉकेटमधून काढून, रॉड गार झाल्यावर, त्याच्या दोन सारख्या पिनांमध्ये मल्टीमीटरने रोध मोजला: ३४.९. बल्बासारखी दहापट-चौदापट तफावत इथे नाही, कारण रॉडमधली तार नायक्रोमची असते. निकेल आणि क्रोमियमच्या या मिश्रधातूचा रोध तापल्यावर अगदी थोडा वाढतो. शेगडी, इस्त्री, गीझर या सगळ्यांत तीच तार, त्यामुळे तापणाऱ्या उपकरणांवर हा हिशेब फार सरळ चालतो.

मीटर हातात आहेच तर आणखी एक गोष्ट तपासा. जाड, लांब पिन ही अर्थिंगची. ती आणि बाकीच्या दोन पिना यांच्यात मीटरने 'ओएल' दाखवलं पाहिजे, म्हणजे रस्ता बंद. काहीही आकडा आला तर रॉडच्या नळीत पाणी शिरलंय. तो रॉड टाकून द्या. 'ओएल' आलं म्हणजे इन्सुलेशन शंभर टक्के शाबूत असं मात्र धरू नका. मल्टीमीटर अगदी कमी दाबावर तपासतो. खरी परीक्षा मेगरची, म्हणजे जास्त दाबावर इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरची असते. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद, पिन बाहेर, हे घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना सांगून ठेवा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच, असला तरीसुद्धा.

बादलीने केलेली पडताळणी

आकडा मीटरने दिला म्हणून खरा मानायचा का? मला तो दुसऱ्या वाटेने तपासून बघायला आवडतो, आणि रॉडच्या बाबतीत ती वाट बादलीतच आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. बादलीत मापाने १५ लिटर पाणी घेतलं. थर्मामीटरने सुरुवात २२ अंश, शेवट ४२ अंश, म्हणजे २० अंशांची वाढ.

१५ × ४१८६ × २० = १२,५५,८०० ज्यूल

रॉड सेकंदाला १४५९ ज्यूल देतोय, तर लागायला हवीत ८६१ सेकंदं, म्हणजे १४ मिनिटं २१ सेकंदं. घड्याळ लावलं, पावणेसोळा मिनिटं लागली. वरचं सव्वा-दीड मिनिट बादलीच्या भिंती, उघडी वाफ आणि गार हवा यांच्यात गेलं. शेवटचं तापमान घेण्याआधी बटण बंद करून, पिन काढून पाणी लाकडी पट्टीने ढवळा, कारण वरचं पाणी कढत आणि तळाचं गार असतं.

बिलाचा हिशेबही इथेच उरकतो. एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. १४५९ वॅट पावणेसोळा मिनिटं म्हणजे १.४५९ × १५.७५ ÷ ६० = ०.३८ युनिट. पाचजणांच्या घरात रोज पाच बादल्या धरल्या तर दिवसाला १.९ युनिट, महिन्याला ५७. तुमच्या बिलावरचा दर लावा आणि रक्कम काढा.

दाब पडला की काय होतं

आमच्या गावी, शेताकडच्या लाइनीवर, हिवाळ्यात सकाळी दाब १९० वर आलेला मी पाहिला आहे. पाहुणे म्हणतात, "रॉड जुना झाला, पाणीच तापत नाही." रॉडचा रोध तोच आहे, ३५.६ ओहम. आता दाब आणि रोध हातात आहेत, तर शक्ती = १९० × १९० ÷ ३५.६ = १०१४ वॅट.

दाब १७ टक्क्यांनी उतरला आणि शक्ती ३० टक्क्यांनी. दाबाचा वर्ग होतो, म्हणून. १४ मिनिटांच्या जागी २१ मिनिटं लागतील. युनिट मात्र जवळपास तेवढीच पडतात, कारण पाण्याला लागणारी उष्णता तीच आहे; वेळ वाढल्याने वाया जाणारी थोडी वाढते इतकंच.

याच हिशेबाने पंपाची मोटर तपासायला जाल तर फसाल. दाब पडला की रॉड कमी प्रवाह घेतो, पण पाणी उपसणारी मोटर काम तेवढंच ओढत राहते आणि त्यासाठी जास्त प्रवाह घेते. विहिरीवरच्या मोटरी कमी दाबात जळतात त्या यामुळे. मोटरला दाब-भागिले-रोध लावू नका. त्याविषयी पुढे सांगते.

पट्टी का जळली

आता मुलाच्या प्रश्नाकडे. त्या दिवशी प्रवाह ६.४ अँपिअर होता, आणि वायर, पट्टी, रॉड अशा सगळ्यांतून तोच जात होता, कारण ते एकापुढे एक आहेत. प्रवाह माहीत आहे, तर सूत्र घ्यायचं प्रवाहाच्या वर्गाचं.

आधी वायर. एक्स्टेन्शनची लांबी ५ मीटर, जायची-यायची मिळून १०. आतली तांब्याची तार ०.७५ चौरस मिलिमीटरची. अशा वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम धरतात. १० मीटरला ०.२६ ओहम.

शक्ती = ६.४ × ६.४ × ०.२६ = १०.६ वॅट

साडेदहा वॅट पाच मीटरच्या केबलभर पसरलेले. वायर कोमट लागेल, बस. मात्र केबल गुंडाळून ठेवली तर हीच उष्णता एका गुंडाळीत कोंडते. एक्स्टेन्शन वापरताना पूर्ण उलगडा.

आता पट्टी. सैल झालेल्या, थोड्या काळवंडलेल्या पट्टीचा रोध किती असेल? नीट बसलेल्या पिनेचा ओहमच्या हजारांश भागांत मोजावा लागेल इतका कमी असतो. सैल पट्टीचा अर्धा ओहम धरू.

शक्ती = ६.४ × ६.४ × ०.५ = २०.५ वॅट

वीस वॅट म्हणजे काय ते समजून घ्यायचं तर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातलं सोल्डरिंग आयर्न आठवा. ते २५ वॅटचं असतं आणि त्याच्या टोकावर कथिल-शिशाची तार वितळून थेंब होते. तसंच एक सोल्डरिंग आयर्न आमच्या बोर्डाच्या आत, नखाएवढ्या जागेत, रोज सकाळी तास-सव्वा तास चालू राहत होतं. पट्टी तापली की तिचा ताण जातो, ती आणखी सैल होते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. शेवटी वास सासूबाईंच्या नाकापर्यंत पोचला.

आणि मूळ चूक त्याच्याही आधीची. बोर्ड ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट, त्यापुढे तो वापरायचाच नाही. रॉडची पिन जाड असते ती मुद्दाम, त्या बोर्डात जाऊ नये म्हणून. कन्व्हर्जन प्लगने आम्ही ती अडवणूक काढून टाकली होती. कुठलंही उपकरण लावण्याआधी त्याचे वॅट २३० ने भागा. सहाच्या पुढे गेलं तर १६ अँपिअरचं सॉकेट शोधा. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, १००० वॅटची इस्त्री ४.३. इस्त्री चालेल, गीझर नाही. आणि एकाच बोर्डावर इस्त्री आणि किटली लावली तर दोघांचे वॅट मिळवून भागायचं.

सूत्र कुठे थांबतं

एलईडीला स्वतःचा असा ठरलेला रोध नसतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा एलईडी लावायचा आहे, त्याला ३ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर हवेत. आधी वजाबाकी करा: १२ − ३ = ९ व्होल्ट रेझिस्टरने अडवायचे. रोध = ९ ÷ ०.०२ = ४५० ओहम. दुकानात ४७० मिळतो, तो घ्या. प्रवाह १९ मिलिअँपिअर होईल. रेझिस्टरमध्ये ९ × ०.०१९ = ०.१७ वॅट जिरतील. पाव वॅटचा चालेल, पण मी अर्ध्या वॅटचा लावते, तो गार राहतो.

पंखा, मिक्सर, पंप यांच्यात गुंडाळ्या असतात, आणि एसी विजेला गुंडाळी रोधाच्या पलीकडेही अडवते. मल्टीमीटरने पंख्याची गुंडाळी मोजून २३० ला भागलंत तर खऱ्यापेक्षा खूप जास्त प्रवाह निघेल. शिवाय इथे व्होल्ट गुणिले अँपिअर हेही पूर्ण खरे वॅट नसतात. त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा हिस्सा किती त्या आकड्याने, गुणावं लागतं. साध्या प्रतीच्या ९ वॅटच्या एलईडी बल्बात ०.०७ अँपिअर दिसू शकतात. गुणाकार येतो १६, खरे वॅट ९, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.५६. प्लगमधला वॅट मीटर खरे वॅट दाखवतो, घरातला विजेचा मीटरही खरेच मोजतो. टाँग टेस्टरवरच्या अँपिअरवरून मोटरचे वॅट काढाल तेव्हा पॉवर फॅक्टर विसरू नका. मोटरवर लिहिलेले हॉर्सपॉवर हे दांड्यावर मिळणारं काम असतं, एका हॉर्सपॉवरला ७४६ वॅट. लाइनीतून ती त्याहून जास्त घेते.

तारेला हात न लावता वॅट मोजायचे

घरातल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ '३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास' अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. काही मीटरवर १६०० किंवा आणखी वेगळा. ३२०० लुकलुकींना एक युनिट, म्हणजे एका लुकलुकीला ३६,००,००० ÷ ३२०० = ११२५ ज्यूल. दोन लुकलुकींमधली सेकंदं मोजा आणि ११२५ ला त्यांनी भागा, वॅट मिळाले. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या.

रॉड तपासताना घरातलं बाकी सगळं बंद करून मी २० लुकलुकी मोजल्या; १५.४ सेकंदं लागली. एकीला ०.७७. ११२५ ÷ ०.७७ = १४६१ वॅट. वर १४५९ आले होते. वेगाने लुकलुकत असेल तेव्हा एकच अंतर मोजू नका, वीस-तीस मोजून भागा. बोटाच्या उशिराची चूक तितकी विभागली जाते.

हे जमलं की रात्री एकदा करून बघा. आम्ही दिवे, पंखे बंद केले, फ्रिजचा प्लग दहा मिनिटं काढला आणि मीटरसमोर उभे राहिलो. दिवा थांबला नाही. दर २५ सेकंदांनी एकदा लुकलुकत राहिला: ११२५ ÷ २५ = ४५ वॅट. मुलगा एकेक बटण बंद करत गेला आणि मी घड्याळ बघत ओरडत गेले. राउटर बंद केला, ३४ सेकंदं झाली, म्हणजे ३३ वॅट. सेटटॉप बॉक्स बंद केला, ५१ सेकंदं, २२ वॅट. उरलेले २२ इन्व्हर्टरचे निघाले. बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही तो तेवढे घेत होता. ४५ वॅट अहोरात्र म्हणजे दिवसाला १.०८ युनिट, महिन्याला बत्तीसेक. सेटटॉप बॉक्स आता रात्री बंद होतो, राउटर मुलाच्या अभ्यासामुळे चालू राहतो, आणि इन्व्हर्टरची बॅटरी किती जुनी झाली आहे हे बघायला वायरमनकाका रविवारी येणार आहेत.